एका कोयत्याचं रक्त

“ते रक्त माझंच व्हतं की, बाई!”

बाकावरच्या शेजारणीला हे सांगताना ती तोंडावर पदर घेऊन हसत होती. “मालकाला सुई बघूनच घेरी येती. एवढा थोराड गडी, पन सुई म्हनलं की डोळं पांढरं. मंग मीच हात म्होरं केला. कोयता एकच हाय म्हनलं, रक्त कुनाचं बी घ्या.”

शेजारीणही हसली. मी काउंटरच्या काचेमागे बसले होते आणि माझ्यासमोर तिच्या नवऱ्याचे दोन रिपोर्ट होते. एक गेल्या दसऱ्याआधीचा, एक नुकताच आलेला. दोन्ही एकाच माणसाचे असणं शक्य नव्हतं. सकाळपासून मी मशीन तपासत होते, नळ्यांवरची लेबलं जुळवत होते. डॉक्टरांनी आतून पुन्हा पुन्हा विचारलं होतं, “चूक कुठं झाली ते सापडलं का?”

चूक बाकावर बसून शेजारणीला शेंगदाणे देत होती.

गेवराईतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्याला जोडून असलेल्या लॅबमध्ये मी काम करते. रक्त घेणं, फिरवणं, मशीनला लावणं, आकडे उतरवणं. बोलायचं काम फारसं नसतं, म्हणून मला ते बरं वाटतं. नाव, वय, सकाळी काही खाल्लंय का, मूठ आवळा, झालं. एवढ्या शब्दांत माझा दिवस जातो. संध्याकाळी घरी गेल्यावर तेवढेही उरत नाहीत.

तिला मी मावशी म्हणायचे. चकलांब्याच्या बाजूच्या एका वस्तीवरची. तुम्हीही अशा बायका दवाखान्याच्या बाकांवर पाहिल्या असतील. स्वतःला काही झालेलं नसतं, पण कुणाच्या ना कुणाच्या सोबत आलेल्या असतात. बाक जणू घरचाच असावा तशा पाय वर घेऊन बसतात. कोण कुठला, कुणाची सून, कशाचं दुखणं, हे अर्ध्या तासात त्यांना ठाऊक होतं. मावशी अंगानं काटकुळी, कपाळावर मोठं गोंदण, मिश्रीनं काळे झालेले दात. बसली की भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासायची. “म्हशीवानी,” स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची. तुमची तब्येत कशी, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. “मला काय धाड भरलीय!”

माझी-तिची ओळख आकड्यांवरून झाली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मला चांगलं येतं, पण कुणी पटकन ‘अठ्ठेचाळीस’ म्हटलं की माझा पेन हवेत थांबतो. पहिल्यांदा तिनं एका म्हाताऱ्याचं वय सांगितलं तेव्हाही तो तसाच थांबला.

“कावून थांबली गं, माय? त्रेसष्ट. साठावर तीन.”

मी मान खाली घालून लिहिलं. तेव्हापासून ती बाकावर असली की रांगेतल्या प्रत्येकाच्या वयाचा असा हिशोब लावून मला सांगायची. कुणी म्हणालं “एकोणसाठ,” की मागून आवाज यायचा, “साठाला एक कमी, ताई!” लोक हसायचे. मला लाज वाटायची, आणि ती नसली की काम अवघडही वाटायचं.

आता त्या पहिल्या रक्ताबद्दल.

ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. कोयता नवऱ्याच्या नावानं असतो. त्या वर्षी टोळी निघायच्या आधी आमच्या डॉक्टरांनी वस्तीवर हृदय तपासणीचं शिबिर घेतलं. फडात बसल्या जागी गेलेल्या माणसांच्या गोष्टी दर वर्षी कानावर येत होत्या, म्हणून. हृदयाच्या रक्तवाहिन्या पूर्ण तुंबायच्या आधीच रक्तातली काही प्रथिनं तसं सांगायला लागतात, ती तपासायची होती. शिबिर चाळिशीच्या पुढच्या पुरुषांचं होतं. हा आजार पुरुषांनाच होतो असं कुणी म्हणालं नव्हतं, पण ते जणू ठरलेलंच होतं.

मी त्या दिवशी वजनकाट्यापाशी होते. रक्ताच्या टेबलावर दुसरे दोघं होते. मुकादम पडवीत उभा राहून एकेका कोयत्याचं नाव पुकारत होता. नवऱ्याचं नाव पुकारलं की सवयीनं दोघंही उठायचे. गर्दी, ऊन, शेळ्यांची बें बें. नाव तिच्या नवऱ्याचं पुकारलं गेलं, नळीवर त्याच्या नावाचं लेबल चिकटलं, आणि टेबलावरच्यांनी मान वर न करता टोचला तो हात तिचा होता. तिच्या हिशोबानं यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळं आयुष्य जे दोघांचं मिळून एक मोजलं गेलं, त्याला सुया दोन कशाला?

रिपोर्ट आला तो वाईट होता. हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात झिरपणारं ट्रोपोनिन असतं, ते असायला हवं त्याहून थोडं वर. रक्तवाहिनीच्या भिंतीला सूज असली की वाढणारं सीआरपी वर. आणि चरबी वाहून नेणारं एक प्रथिन असतं, लायपोप्रोटीन-ए म्हणतात त्याला, ते फारच वर. हे शेवटचं माणूस आईबापांकडून घेऊन येतो. जन्मभर ते जवळपास तेवढंच राहतं.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. गोळ्या बंद करायच्या नाहीत, तंबाखू सोडायची, आणि जड ओझं अजिबात उचलायचं नाही. नवरा पायांच्या बोटांकडे बघत होता. साधा, मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा माणूस. छातीचा फोटो, ईसीजीची पट्टी, बाकीचं सगळं करू म्हणाले डॉक्टर, तर त्यानं दोन्ही हात जोडले. हंगामावरून आल्यावर करू म्हणाला. ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता.

मावशी मात्र ताठ बसली होती. बाहेर आल्यावर तिनं गोळ्यांची पुडी पदरात बांधली आणि मला म्हणाली, “आजपासून ह्यानं मोळी उचलायची न्हाई. मी बघते कसा उचलतो ते.”

ऊस तोडणं दोघांचं असतं. मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढत ट्रकमध्ये नेऊन टाकायची. सबंध हंगाम तिनं नवऱ्याच्या वाटच्या मोळ्या उचलल्या.

हे तिनं मला परत आल्यावर कौतुकानं सांगितलं. “कोयता मारू दिला त्याला बसून बसून. पन मोळी? हात लावू दिला न्हाई. टोळीतल्या बाया म्हनायच्या, काय गं, नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलाय का? म्हनलं, व्हय, तुमचा काढा देव्हाऱ्यातून, त्याला मोळ्या लावा.” आणि हसता हसता ती थांबली, भिंतीचा कोपरा धरला, आणि तोंडानं श्वास घेत राहिली. मी काचेतून बघत होते. नवऱ्याच्या अंगावर मांस चढलं होतं. तिच्या गळ्याखाली दोन खड्डे पडले होते.

त्या दिवशी नवऱ्याचं रक्त घेतलं ते मीच. त्याला आडवं झोपवून, डोळ्यांवर त्याचाच रुमाल टाकून. काही तपासण्या आमच्याकडे होतात, बाकीच्या पुण्याला जातात. सगळे आकडे हातात आले तेव्हा ते निर्मळ होते. नुसतं ट्रोपोनिन आणि सीआरपी उतरलं असतं तर मी म्हटलं असतं, गोळ्या लागू पडल्या. पण लायपोप्रोटीन-ए कुठल्या गोळीनं असं उतरत नाही. ते दोन हात वेगळे होते. दोघं रिपोर्ट घ्यायला आले, तो डॉक्टरांकडे आत गेला, ती बाकावर बसली, आणि मग ते वाक्य माझ्या कानावर आलं.

मी तिला रक्त घ्यायच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

“मावशी, ते शिबिरातलं रक्त तुमचं होतं?”

“ऐकलं व्हय तू?” ती ओशाळली नाही. “मंग? बिघडलं का काही?”

मी सांगितलं. मला बोलायची सवय नाही, त्यामुळे जसं होतं तसंच सांगून टाकलं. जे वाढलेलं होतं ते तुमचं आहे. काका बरे झाले नाहीत, कारण ते आजारीच नव्हते.

तिनं माझ्या हातातल्या रबरी पट्ट्याकडे बघितलं. मग तिनं बाही वर सारली. “घे. पन माझ्या नावानं घे आता.”

सुई टोचताना तिनं दुसरीकडे बघितलं नाही. “माझा बाप असाच गेलता,” ती म्हणाली. “बैलाला पानी दावता दावता बसला. मोठा भाऊ फडात गेला, जेवता जेवता. आमच्या माहेरच्या मान्सायला आजारी पडायचं म्हाईतच न्हाई. नीट बसत्यात आन् जात्यात.” जणू घराण्याची चांगली चाल सांगावी तसं तिनं सांगितलं. “पन बायामधी न्हाई आलं कुनाला.”

बायकांमध्ये कुणी तपासलंय का, असं मला विचारायचं होतं. मी कापूस दाबून धरला.

तिचा स्वतःच्या नावाचा रिपोर्ट आला, तो त्या पहिल्या रिपोर्टचा भाऊ शोभावा असा होता. नुसता ट्रोपोनिनचा आकडा आणखी वर गेला होता. चूक कुठं झाली ते मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिची पट्टी काढली, तीही बरी नव्हती. छत्रपती संभाजीनगरला जाऊन अँजिओग्राफी करा म्हणाले, सरकारी योजनेत होईल, कागद मी करून देतो. मालकांना सांगितलंय ना? “सांगितलंय की,” ती म्हणाली. उसाला जाऊ नका यंदा. “न्हाई जात. मुकादमाला कळवलंय.” डॉक्टरांचं समाधान झालं. बाहेर माणसं ताटकळत होती.

माझ्या काउंटरपाशी येऊन ती हळूच म्हणाली, “त्याला काहीबी सांगू नको हां, माय. तुला शप्पत.”

“का?”

“मी पडले तर कोयता मोडतो. मुकादम त्याला अर्ध्या कोयत्यात घालील, कुन्या परक्याच्या जोडीला. सहा-सात म्हैने त्याला भाकर कोन देईल? चहासुदिक येत न्हाई करायला.” मग डोळे बारीक करून, गंमत सांगावी तसं, “आन् आता कुठं तो माझं ऐकायला लागलाय. आजारी म्हनलं की गरीब गाईवानी ऐकतो. ऱ्हाऊ दे आजारी.”

पुढे कळलं की तिनं याची सगळी सोय लावली होती. रिपोर्ट चांगला आला तरी आजार नुसता दबलाय, गेला नाही, असं नवऱ्याला पटवलं होतं. त्यामुळे गोळ्या त्याच्या नावानं घरात येत राहिल्या. त्या ती खायची. त्याला आरोग्य केंद्रातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या द्यायची. “दोगंबी खुश,” ती म्हणाली. मलाही हसू आलं. सांगायला नको, पण आलं. एवढी शिकस्त तिनं स्वतःला वाचवण्यासाठी केली असती तर, असा विचार हसता हसताच आला आणि मग दिवसभर अंगात जडपणा राहिला.

लॅबच्या भिंतीवर एक सूचना आहे, ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात दिला जाईल. ती सूचना मला नेहमीच आवडत आली आहे. आपल्याला काय माहीत आहे ते आपल्यापाशी ठेवायचं, यात माझी कसोटी कधी लागली नव्हती. आमच्या घरात मी तशीच वाढले. शाळेतही तशीच. गप्प राहायला कुणाला शिकवावं लागलं नाही मला.

ती येत राहिली. कधी कुणाच्या सोबत, कधी नुसतीच. अँजिओग्राफीचं काय झालं, असं मी काचेच्या खालच्या फटीतून हळू विचारायचे. आधी कपाशीची खुरपणी होती. मग पोळा. मग पित्तरं, पित्तरात दवाखाना कुणी करतं का? मग घट बसले. प्रत्येक वेळी ती हात उडवायची. “मला काय धाड भरलीय! गोळ्या खाते ना मी?” प्रत्येक वेळी तिला दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा, आणि मी तिला प्लास्टिकच्या ग्लासात पाणी द्यायचे. पाणी देणं मला जमत होतं.

ती आता आमच्याकडे येत नाही. तिच्या रक्तवाहिनीत दोन ठिकाणी जाळी बसवली आहे. दर काही महिन्यांनी ती बीडला दुसऱ्या लॅबमध्ये रक्त देते आणि तिचे रिपोर्ट नवऱ्याच्या हातानं आमच्या डॉक्टरांकडे येतात. ते मी वाचते. सीआरपी उतरलंय. ते वारशाचं प्रथिन आहे तिथंच आहे. नवरा काउंटरपाशी मला नमस्कार करतो, पण थांबत नाही. त्या वर्षी त्यांचा कोयता गेला नाही, पुढच्या वर्षीही नाही. ओस गावात, सगळी टोळी गेलेली असताना, ती दोघं राहतात. त्यानं कुणाच्या तरी शेतावर सालानं काम धरलंय. तिच्या वस्तीवरची एक बाई रक्त द्यायला आली होती, ती सांगत होती की माझं नाव निघालं की मावशी पाठ फिरवते. “त्या चुगलखोर पोरीकडं मी जायची न्हाई,” म्हणते. वय लिहिताना माझा पेन अजून थांबतो. लोकांना वाटतं, मला ऐकू आलं नाही. ते पुन्हा मोठ्यानं सांगतात.

त्या वर्षी घट उठले, दसरा झाला, आणि त्यानंतरच्या एका सकाळी मी चकलांब्याला एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं रक्त घ्यायला गेले होते. परत येताना आमच्या रिक्षाला रस्ता मिळेना, कारण वस्तीच्या तोंडाशी ट्रक भरत होता. बांबू, चटया, पत्र्याच्या पेट्या, वर बांधलेल्या दोन शेळ्या, एका खुराड्यात कोंबड्या. मुकादम घाई करत होता. पोरं टपावर चढली होती. कुणी रडत नव्हतं. दर वर्षीचंच ते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर निघायच्या आधीचाच शीण होता.

केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी तिचा नवरा बसला होता. पाठीला उशी. बायका त्याची थट्टा करत होत्या, “पाटील, पान लावून देऊ का?” तो कसनुसा हसत होता.

मागच्या बाजूला मावशी ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन फळीकडे निघाली होती. दोन पावलं गेली. थांबली. एक हात ट्रकच्या फळीला, दुसरा जबड्याला. हवेत गारवा होता आणि तिच्या कपाळावरचं गोंदण घामानं चकाकत होतं. ओठांचा रंग मातीसारखा झाला होता. मी रिक्षातून उतरले. तिनं मला पाहिलं. नुसती मान हलवली, एकदा, अगदी हळू. नको.

मी पुढे गेले. डॉक्टरांना फोन लावावा असं आधी मनात आलं. फोन हातातच होता. पण ते सांगणार कुणाला, आणि कोण थांबणार होतं?

“या ताई!” केबिनमधून तिच्या नवऱ्यानं मला हाक मारली. इतकं तो कधी बोलला नव्हता. “तुमच्या दाक्तरला सांगा, अजून जित्ता हाय म्हनावं. हिनं जपलं मला. बगा की, एक डबा उचलू देत न्हाई. लाज वाटती ओ लोकात, पन ऐकत न्हाई कुनाचं.”

मुकादमानं घड्याळ बघितलं. ड्रायव्हरनं चावी फिरवली आणि ट्रक थरथरायला लागला. मावशीनं पोतं पुन्हा पाठीवर सरसावलं. बायका, पोरं, मुकादम, सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी केबिनचं दार धरून उभी होते आणि सोडत नव्हते. एवढ्या माणसांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. इंजिनच्या वर ऐकू जावं म्हणून मला ओरडावंच लागलं.

“काका, खाली उतरा आणि ते पोतं तुम्ही घ्या. हृदय त्यांचं आजारी आहे, तुमचं नाही.”